रंगाच्या ब्रशचे केस बदलता आले तर?

जुना, कडक झालेला दोन इंची ब्रश हॅक्सॉने उभा चिरून बघा. बाहेरून दांडा, पत्रा आणि केस एवढंच दिसतं. आत बरंच निघतं. पत्र्याच्या खालच्या अर्ध्या भागात केसांची मुळं इपॉक्सीच्या टणक गठ्ठ्यात रुतलेली असतात. गठ्ठ्याच्या मधोमध लाकडाची, पुठ्ठ्याची नाहीतर प्लॅस्टिकची एक चपटी पट्टी असते. पत्र्याच्या वरच्या भागात दांड्याचं टोक घुसवून बारीक खिळे ठोकलेले असतात. हे खिळे काढले की दांडा हातात येतो आणि केसांचा गठ्ठा पत्र्यासकट वेगळा होतो.

म्हणजे ब्रश दोन तुकड्यांत सुटू शकतो. फक्त तो तसा सुटावा म्हणून कुणी बनवलेला नसतो. मग केस खराब झाले की तेवढेच बदलावेत आणि दांडा ठेवावा, ही कल्पना डोक्यात येणारच. अमेरिकेतल्या पेटंटांमध्ये तिची बरीच रूपं सापडतात. तरीही आपल्या हार्डवेअरच्या दुकानात असा ब्रश सहसा टांगलेला दिसत नाही. अडतं कुठे, हे बघायला लागलं की असा ब्रश खरंच बनवायचा तर कुठे हात घालायचा, तेही आपोआप समजतं.

ब्रश रंग धरतो कसा

ब्रशमध्ये केस बसवायच्या तीन पद्धती मुख्य. टूथब्रशमध्ये केसांची जुडी मधोमध दुमडून भोकात बसवतात आणि धातूच्या बारीक तुकड्याने ती तिथे पक्की अडकवतात. बाटली धुवायच्या ब्रशमध्ये दोन तारांच्या पिळात केस आवळलेले असतात. रंगाच्या ब्रशमध्ये यातलं काहीच चालत नाही. तिथे केस दाट, एकमेकांना चिकटून हवेत, आणि मुळाशी कुठेही फट राहता कामा नये. म्हणून सगळे केस पत्र्यात घट्ट भरून मुळाशी गोंद ओततात. आता हा गोंद इपॉक्सी असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत गंधक घालून कडक केलेल्या रबरात केस बसवण्याची पद्धत निघाली होती. पद्धत कुठलीही असो, एकटा केस बदलायची सोय नाही. केस बदलायचे म्हणजे गठ्ठाच बदलायचा. सोयीसाठी त्याला ब्रशचं डोकं म्हणू.

या डोक्याचं खरं काम रंग पसरवण्याआधी सुरू होतं: रंग उचलणं आणि भिंतीपर्यंत न सांडता नेणं. दाट केसांमधल्या अरुंद जागा केशाकर्षणाने रंग वर ओढतात आणि धरून ठेवतात. मधली ती चपटी पट्टी केसांचे दोन थर करते, त्यांच्यात पोकळी राहते आणि ती रंगाची टाकी होते. ही टाकी योग्य मापाची असावी लागते. स्वस्त ब्रशमध्ये पट्टी जाड घालतात, म्हणजे कमी केसांत ब्रश भरगच्च दिसतो. दुकानात ब्रश हातात घेऊन केस मधोमध फाकवून बघावेत. आत रिकामा बोगदा दिसला तर तो परत ठेवावा.

केसांची टोकंही महत्त्वाची. डुकराच्या केसाचं टोक निसर्गतःच दोन-तीन फाट्यांत फुटलेलं असतं. हे फाटे रंग जास्त धरतात आणि भिंतीवर ओरखडे न उठवता तो पसरवतात. अशा केसांसाठी जग फार काळ चीनवर अवलंबून होतं. दुसऱ्या महायुद्धात तो पुरवठा तुटला आणि अमेरिकेत कृत्रिम केसांना जोर आला. नायलॉन तेव्हा नवंच होतं. १९३८ साली ते टूथब्रशच्या केसांच्या रूपात पहिल्यांदा बाजारात आलं होतं. ब्रशसाठी नायलॉनचा तंतू टोकाकडे निमुळता करावा लागला आणि टोकं यंत्राने फोडावी लागली. आजही हिशोब असा: तेलाच्या रंगाला आणि वॉर्निशला नैसर्गिक केस, पाण्यात मिसळायच्या इमल्शनला पॉलिएस्टर किंवा नायलॉन. नैसर्गिक केस पाणी पिऊन लुळे पडतात, नायलॉनही थोडं पितं, पॉलिएस्टर जवळजवळ नाहीच.

आपल्याकडे रंगाच्या ब्रशचं मोठं केंद्र म्हणजे उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट. चित्रकारांच्या बारीक ब्रशसाठी मुंगुसाचे केस वापरायची वाईट खोड या धंद्यात होती आणि अजून पुरती गेलेली नाही. मुंगुसाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. २०१९ मध्ये या केसांच्या चोरट्या व्यापारावर देशभर छापे पडले, त्या मोहिमेचं नाव होतं ऑपरेशन क्लीन आर्ट. बदलता येणारं डोकं बनवणाऱ्याने कृत्रिम केसच घ्यावेत, असं माझं मत आहे. कायदा हे एक कारण झालंच, पण कृत्रिम केस दर वेळी एकाच जाडीचे आणि लांबीचे मिळतात. बदली डोकं पहिल्यासारखंच चाललं नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घेणार नाही.

ब्रश मरतो कशाने

केस झिजून ब्रश गेला, असं क्वचितच होतं. खडबडीत सिमेंटवर रोज काम करणाऱ्या रंगाऱ्याचा ब्रश झिजतो खरा. घरगुती ब्रश मरतो तो मुळाशी रंग वाळून. रंग टोकाला लावायचा म्हटलं तरी केशाकर्षणाने तो मुळापर्यंत चढतो, आणि छत रंगवताना ब्रश उलटा धरला की खाली ओघळून थेट पत्र्यापाशी साठतो. धुताना टोकं स्वच्छ दिसतात, मुळं तशीच राहतात. दोन-चार वेळा असं झालं की मुळाशी दगड तयार होतो, केस बाहेरच्या बाजूला फाकतात आणि छताखालची कडेची रेघ, रंगारी जिला कटिंग म्हणतात, ती सरळ येईनाशी होते.

वाळलेला रंग परत विरघळत का नाही? तेलाचा रंग दोन टप्प्यांत वाळतो. आधी टर्पेंटाइन उडून जातं, मग उरलेलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांत गुंततं आणि जाळी बनते. ही जाळी टर्पेंटाइनने सुटत नाही. म्हणून तर काही रंगारी तेलाच्या रंगाचा ब्रश रात्रभर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवतात: ऑक्सिजन पोचत नाही, जाळी बनत नाही, सकाळी पाणी झटकून परत काम सुरू. इमल्शनची गोष्ट वेगळी. त्यात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की गोळे एकमेकांना भिडून वितळल्यासारखे एक होतात. नंतर कितीही पाणी ओता, तो पापुद्रा पुन्हा सुट्या गोळ्यांत जात नाही.

बदलत्या डोक्याच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा इथे मिळतो, आणि विरोधातलाही. बाजूने असा: तेलाच्या रंगाचा ब्रश धुवायचा म्हणजे दोन-तीनदा ताजं टर्पेंटाइन, हाताला वास, आणि शेवटी तो गढूळ द्राव बहुतेक घरांत मोरीत जातो. (तसं करू नका. बरणीत झाकून ठेवा, रंग तळाशी बसतो, वरचं टर्पेंटाइन पुन्हा धुवायला चालतं.) विरोधातला मुद्दा: रंग म्हणजे एक प्रकारचा गोंदच. ज्या वस्तूला दिवसभर गोंदात बुडवायचं, तिच्यात आपण एक उघडझाप होणारा सांधा घालणार आहोत.

दाढीच्या ब्लेडचा हिशोब इथे चालत नाही

किंग जिलेट यांनी १९०४ साली बदलत्या पात्याच्या वस्तऱ्याचं पेटंट मिळवलं, तेव्हापासून "दांडा ठेवा, टोक बदला" हा धंद्याचा एक नमुनाच होऊन बसला. पण तिथे टोक म्हणजे पोलादाची पातळ पट्टी होती, स्वस्तात लाखोंनी निघणारी, आणि दांडा त्या मानाने महाग. रंगाच्या ब्रशमध्ये उलटं आहे. चांगल्या ब्रशच्या किमतीत मोठा वाटा केसांचा आणि ते नीट जुळवून बसवायच्या कामाचा. दांडा म्हणजे साध्या लाकडाचा तुकडा. बदली डोक्यात केस, इपॉक्सी, पट्टी, पत्रा हे सगळं येणारच, शिवाय सांध्याचा एक भाग वाढणार. म्हणजे ते डोकं आख्ख्या ब्रशच्या जवळपास किमतीला पडणार, आणि आपण वाचवला तो लाकडाचा तुकडा. कचऱ्याचंही तेच: फेकायला अवघड असा भाग, म्हणजे प्लॅस्टिकचे केस, इपॉक्सी आणि पत्रा यांची एकजीव झालेली खिचडी, तो तर फेकलाच जातो.

माझ्या मते बहुतेक आराखडे इथेच फसतात. सांधा कसा करायचा यावर महिनोन्महिने डोकं चालवलं जातं, पण दांड्याला किंमत कशामुळे येईल हे कुणी विचारत नाही. दांड्यात काहीतरी जपण्यासारखं असेल तरच डोकं बदलण्यात अर्थ आहे.

असे दांडे आहेत. रोलर हे त्याचं सगळ्यात यशस्वी उदाहरण: १९४० च्या सुमारास कॅनडात टोरांटोच्या नॉर्मन ब्रेकी यांनी रंगाचा रोलर काढला, आणि आज आपण वाकवलेल्या सळईची चौकट ठेवून नुसती लोकरी बाही बदलतो. तिथे चौकट हे छोटं यंत्र आहे, फिरणारं, आणि बाही एका साध्या नळीवर चढते. जलरंगवाल्यांचा पाण्याचा ब्रश दुसरं उदाहरण. त्याचा दांडा म्हणजे पाण्याची टाकी, ती भरायची म्हणून डोकं आट्यांनी सुटतं. खिडकीच्या उंच ग्रिलला किंवा जिन्यावरच्या छताला रंग द्यायचा लांब खेचायचा दांडा, हाही जपण्यासारखा. आणि एक उपयोग मला जास्त पटतो: एक दांडा, तीन-चार डोकी, प्रत्येकाला हवाबंद टोपण. प्रायमरचं वेगळं, पांढऱ्याचं वेगळं, ग्रिलच्या काळ्याचं वेगळं. दोन हातांच्या मध्ये धुवायचंच नाही. टोपण घालून ठेवायचं. पाण्यात बुडवलेल्या ब्रशचं तत्त्व तेच, फक्त डबा नको.

सांधा

आता समजा ठरलंच. मग छाटायचं कुठे? केस आणि इपॉक्सीचा गठ्ठा पत्र्यातून उपसून काढायचा, की पत्रा आणि दांडा यांच्या मध्ये सोडवायचं? पहिल्यात पत्रा वाचतो, पण सांधा रंगाच्या ऐन पुरात येतो. दुसऱ्यात सांधा वर राहतो आणि खाली इपॉक्सीचा गठ्ठा आपोआप बुचाचं काम करतो. आतून रंग वर येऊच शकत नाही. दुसरं घ्यावं.

त्यातही कोण कुणाच्या आत जातं ते बघायला हवं. छत रंगवताना रंग केसांवरून पत्र्यावर आणि पत्र्यावरून दांड्याकडे ओघळतो. वरचा भाग (ब्रश उलटा धरल्यामुळे इथे डोकं) खालच्या भागावरून बाहेरून येत असेल तर ओघळ सांध्यात शिरत नाही. कौलं तशीच लावतात. म्हणजे डोक्याच्या बाजूला खोबण आणि दांड्याच्या बाजूला जीभ. नशिबाने आजच्या ब्रशमध्ये पत्रा दांड्यावर असाच चढलेला असतो. आपल्याला फक्त खिळे काढून तिथे सुटणारी पकड द्यायची आहे.

ही जीभ किती लांब असावी, हे कागदावर काढता येतं. समजा रंगारी ब्रशच्या टोकावर एक किलोच्या वजनाइतका आडवा दाब देतो. टोकापासून सांध्याच्या तोंडापर्यंत अंतर साधारण ९० मिलिमीटर. जीभ ३० मिलिमीटर आत असेल तर तरफेच्या नियमाने सांध्याच्या कडांवर निदान तीन किलोइतका जोर येतो. जीभ १० मिलिमीटरच ठेवली तर तो नऊ किलोवर जातो. झिजेपेक्षा वाईट म्हणजे हालचाल. सांध्यात ०.२ मिलिमीटर ढिलाई असेल, म्हणजे जाड कागदाएवढी, तर १० मिलिमीटर जिभेमुळे टोक १.८ मिलिमीटर डुगडुगतं. ३० मिलिमीटर जिभेने ०.६. कटिंगची रेघ ओढणाऱ्याला पहिला ब्रश पाच मिनिटांत नकोसा होईल.

जीभ लाकडाची ठेवू नये, कारण लाकूड ओलाव्याने आडवं फुगतं. पावसाळ्यात कोकणात दारं अडकतात ती याच कारणाने. मे महिन्यात चपखल बसलेली जीभ जुलैत निघायची नाही. प्लॅस्टिक घ्यायचं तर तेही बघून. पॉलिस्टायरीन आणि एबीएस साच्यात छान उतरतात, पण थिनर लागला की मऊ पडतात, विरघळतात. नायलॉन पेट्रोल-टर्पेंटाइनच्या जातीच्या द्रावांना टिकतं. घरच्या थ्रीडी प्रिंटरवर नमुना काढणारे बहुधा पीएलए किंवा एबीएस वापरतात. आकार तपासायला ठीक, पण पीएलए गरम पाण्यात वाकडं होतं आणि एबीएस थिनरमध्ये टिकत नाही, तेव्हा त्या नमुन्यावरून टिकाऊपणाचे निष्कर्ष काढू नयेत.

पकडीचे प्रकार बरेच आहेत. आटे सगळ्यांत आधी सुचतात, पण आट्यांच्या खाचांत रंग वाळला की संपलं, आणि चपटा ब्रश नेमका दांड्याच्या मुठीशी समांतर येऊन थांबला पाहिजे ही वेगळीच डोकेदुखी. जलरंगाच्या गोल ब्रशला ती नाही, म्हणून तिथे आटे चालतात. टिचकी देणारी प्लॅस्टिकची कडी स्वस्त असते, पण सतत ताणात राहिली की तिचा जोर हळूहळू जातो. मला निमुळती जीभ बरी वाटते: टोकाकडे किंचित बारीक होत जाणारी, पाचरीसारखी. ती जितकी आत दाबाल तितकी घट्ट बसते, आणि थोडी झिजली तरी थोडी जास्त आत जाऊन ढिलाई भरून काढते. उतार अगदी कमी ठेवला, तीन अंशांच्या आसपास, तर घर्षणामुळे ती आपणहून सुटत नाही. अडचण उलट बाजूची आहे, ती निघेल कशी? त्यासाठी दांड्यातून जाणारी एक सळई आणि मागच्या टोकाला बटण. बटण दाबलं की सळई डोक्याला पुढे ढकलते आणि ओल्या रंगाला हात न लावता ते डब्यात पडतं.

बटण मागच्याच टोकाला हवं, कारण सराईत रंगारी बारीक कामाला ब्रश दांड्याच्या मध्यावर धरत नाही. अंगठा पत्र्याच्या एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, पेन धरल्यासारखं. तिथे बटण दिलं तर ऐन रेघेत डोकं बादलीत.

राहिली फट. इथे केशाकर्षण पुन्हा आडवं येतं, या वेळी शत्रू म्हणून. दोन सपाट पृष्ठभागांमध्ये ०.१ मिलिमीटर फट असेल तर पाणी तिच्यात सुमारे १५ सेंटिमीटर चढू शकतं. फट १ मिलिमीटर केली तर दीड सेंटिमीटर. ३ मिलिमीटर केली तर जेमतेम ५ मिलिमीटर. रंग पाण्यापेक्षा जड आणि पृष्ठताणाने कमी असतो, म्हणून आकडे याहून बरेच उतरतात, पण प्रमाण हेच. म्हणजे "फिटिंग जितकं चपखल तितका रंग बाहेर राहील" हा समज उलटा आहे. चपखल फट रंग शोषून घेते. फट एकतर मऊ रबरी कडीने पुरती बंद करावी, नाहीतर पत्र्याच्या वरच्या कडेखाली दांड्यावर तीनेक मिलिमीटर रुंद आणि तितकीच खोल खाच गोलाकार ठेवावी. रंग त्या खाचेपाशी येऊन थांबतो, पुढच्या बारीक फटीपर्यंत पोचत नाही. खाचेत साठलेला रंग फडक्याच्या टोकाने पुसता येतो. रबराची कडी थिनरमध्ये फुगते, त्यामुळे तेलाच्या रंगासाठी मी खाचच निवडेन.

असा ब्रश तयार झाला तर त्याची परीक्षा नव्या, कोऱ्या अवस्थेत घेण्यात हशील नाही. ऑइल पेंटने छत रंगवा, मुद्दाम हात जड ठेवून, पत्र्यावरून ओघळ येतील असं. मग न धुता, न पुसता तो तसाच चार दिवस पडू द्या, आणि नंतर बटण दाबा. डोकं निघालं तर दुसरं चढवा, एक कटिंगची रेघ ओढा आणि टोक डुगडुगतं का ते बघा. हे पाच-सहा डोक्यांपर्यंत त्याच दांड्यावर करत राहा. शेवटी तीच डोकी घेऊन हार्डवेअरवाल्याकडे जा आणि त्याला विचारा की एक, दोन, तीन आणि चार इंची अशा चार मापांची सुटी डोकी तो दुकानात ठेवेल का. रोलरची बाही एका कंपनीची आणि चौकट दुसरीची चालते, म्हणून तो ती बिनधास्त ठेवतो. तुमचं डोकं फक्त तुमच्याच दांड्याला बसत असेल तर तो बहुधा नाही म्हणेल.